लावणीला माणसं किती?

2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली. घटलेले जिल्हे तीनच होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहरातली माणसं उपनगरांकडे सरकली. आमच्या दोन जिल्ह्यांतली माणसंही बरीचशी तिकडेच गेली, विरार-नालासोपाऱ्याला, दिव्याला, डोंबिवलीला. रत्नागिरी जिल्हा 16,96,777 वरून 16,15,069 वर आला. म्हणजे 81,708 माणसं कमी. त्या दहा वर्षांत इथे पोरं जन्मलीच होती, तेव्हा प्रत्यक्षात गेलेले याहून पुष्कळ जास्त असणार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि भातशेती करते. जनगणनेचा हा आकडा आम्हाला दर वर्षी मृगाच्या सुमाराला भेटतो, एका प्रश्नाच्या रूपात: यंदा लावणीला माणसं किती? बियाणं कुठलं आणायचं, कुठले कोपरे, म्हणजे भाताची खाचरं, करायचे आणि कुठले पड टाकायचे, यंत्र कुठलं बोलवायचं, सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. शेतीच्या मेळाव्यांमध्ये एकरी उताऱ्याबद्दल बोलतात. उतारा आम्हालाही हवाच आहे. पण आमच्या घरात तो दुसऱ्या नंबरला येतो. जे तंत्र एका दिवशी, एका वेळी सर्वांत कमी माणसं मागतं, ते आम्ही आधी उचलतो. हे असं उघडपणे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहायला बसले.

कोकणातून माणसं जाणं नवीन नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ इथले पुरुष गिरण्यांत, गोदीत, पोलिसात जात आलेत. घर मनिऑर्डरवर चालायचं आणि शेती बायकांवर. रत्नागिरी जिल्ह्यात 2001मध्ये दर हजार पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या, 2011मध्ये 1122. आजही राज्यात कौतुकाने सांगितला जाणारा हा आकडा मुळात रिकाम्या झालेल्या पुरुषांच्या जागेचा आहे. आणि तरीही त्या सगळ्या काळात शेतीचं तंत्र फारसं हललं नाही. बैलांचं जोत, राब (रोपांसाठी भाजलेली जमीन), तरवा (लावणीची रोपं), हाताने लावणी, विळ्याने कापणी, झोडणी. पुरुष निम्मे गेले तरी ते चाललं, कारण एक म्हातारा चार घरांची नांगरणी करून द्यायचा आणि लावणीच्या ओळीत मुळातच बायका असायच्या.

तंत्र बदलायला लागलं ते बायका जायला लागल्यावर. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच मोडल्या, तेव्हा काही पुरुष गावी परतले. पण त्यांच्या मुलांनी मुंबईच्या टोकाला खोल्या घेतल्या आणि बायको-पोरांना तिकडे नेलं. पोरांची शाळा हे कारण. त्यात चूक काहीच नाही. मीही माझ्या मुलीला बारावीनंतर बाहेरच धाडलं. पण एक घर बंद झालं की लावणीच्या ओळीतून दोन-तीन बायका एकदम कमी होतात. माझ्या सासूबाई सांगतात की पूर्वी वाडीची सावड असायची. आज यांच्या कोपऱ्यात, उद्या त्यांच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. सावडीला एक किमान संख्या लागते. पंधरा बायका असल्या तर एका घराची लावणी एका दिवसात उरकते आणि फेड झेपते. चारच असल्या तर तीच लावणी चार दिवस चालते, तोवर पहिल्यांचा तरवा जून होतो. मग फेडायला कुणी येत नाही आणि सावड मोडते. ती कुणी ठरवून बंद केली नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा आला तो पॉवर टिलर. 12-13 अश्वशक्तीचा, वजनाला चारशे किलोच्या घरात. त्याची मूळ घडण जपानी. लहान भातखाचरांसाठी बनलेला, म्हणून कोकणात तो रुळला. बैलजोडीला जो कोपरा सकाळभर लागायचा तो टिलर तासाभरात चिखलून देतो. नांगर धरायला माणूस नाही ही अडचण त्याने सोडवली. पण पुढे जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल बोलणं क्वचितच होतं.

टिलर आला तसे बैल विकले गेले. वर्षातून वीस दिवसांच्या कामासाठी बारा महिने बैलांना वैरण-पाणी कोण करणार? त्यांना रानात न्यायला गुराखी तरी कुठे होता? बैल गेले, मागोमाग गायी कमी झाल्या. शेण गेलं. शेण गेलं म्हणजे राब गेला. भाजावळीसाठी हिवाळ्यापासून तयारी असते: कवळ, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडायची, शेण पसरायचं, वर पालापाचोळा, गवत आणि माती घालून उन्हाळ्यात ती जमीन भाजायची. भाजलेल्या जमिनीत तण कमी उगवतं आणि तरवा जोमदार येतो. हे सगळं माणूसबळाचं आणि गुरांचं काम. राब गेला तसा तरव्यात तण वाढला आणि तणनाशक आलं. शेणखत गेलं तसा युरिया वाढला. पेंढ्याला घरात खाणारं कुणी राहिलं नाही, तसं उंच वाढणारं, जास्त पेंढा देणारं भात कशाला पेरायचं असं झालं. आणि पेंढा जपायचा नसेल तर विळ्याने बुडाशी नीट कापायची गरज उरत नाही, खांद्यावरच्या ग्रासकटरला भाताची पाती लावून कापणी करता येते. एक यंत्र एका माणसाच्या जागी आलं आणि त्याने शेतीची सगळी वीण बदलली. बैल, शेण, राब, पेंढा, बियाणं, तण हे सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. कृषी खात्याच्या अनुदानाच्या यादीत मात्र प्रत्येक वस्तू सुटी लिहिलेली असते.

लावणीचं काय करायचं, हा सर्वांत अवघड भाग. भात लावणीचं यंत्र आहे. त्याला चटईसारखी रोपवाटिका लागते, रोपं कोवळी लागतात, खाचर एकसारखं सपाट लागतं आणि पाणी बोटभरच लागतं. खाडीकाठच्या रुंद मळ्यात ते छान चालतं. आमच्या वाडीतले कोपरे डोंगराच्या उतारावर पायऱ्यांनी उतरतात. काही इतके अरुंद की यंत्र वळवायचं तर निम्मा कोपरा वळणातच जातो. एका पायरीवरून दुसरीवर ते उचलून न्यायला चार धडधाकट पुरुष लागतात, आणि चार धडधाकट पुरुष असते तर यंत्राची चर्चाच कशाला झाली असती?

म्हणून लावणीच नको, असा विचार करणारी पद्धत आम्हाला जवळची वाटली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं सगुणा भात तंत्र. यात पहिल्या वर्षी नांगरून गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, त्यात बी टोकायचं. चिखलणी नाही, तरवा नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या हंगामात न नांगरता त्याच वाफ्यांवर पुन्हा टोकायचं. मुळं कुजून जमीन भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात, हे मी स्वतः कुदळीने खणून पाहिलंय. ज्या कामाला कंबर वाकवून चिखलात पंधरा बायका लागायच्या ते तीन माणसांत होतं.

त्याच्या शेजारी मी नेहमी चारसूत्री ठेवून पाहते. डॉ. ना. के. सावंत यांनी आधीच्या पिढीत दिलेली ती पद्धत मला अजूनही सुंदर वाटते. भाताचा अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला जमिनीला परत द्यायचा, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर दोरीने नियंत्रित लावणी करायची आणि दर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध हाताने युरिया-डीएपी खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोचायची. खत वाहून जात नाही, कमी लागतं, उतारा चांगला येतो. आमच्यासारख्या तुफान पावसाच्या भागात खत वाहून न जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण प्रत्येक चौकोनात एकेक ब्रिकेट खोचत जाणारे हात हवेत. जेव्हा हात होते तेव्हा हे तंत्र गावागावात पोचलं, आणि हात आटले तसं ते मागे पडलं. त्या तंत्रात शास्त्रीय उणीव निघाली म्हणून ते मागे पडलं असं कुणी म्हणू नये.

आणि सगुणा पद्धतीचीही किंमत आहेच. चिखल आणि साचलेलं पाणी तण दाबून ठेवतं. ते काढून घेतलं की तणनाशकावर भिस्त येते. बी टोकायला जूनमध्ये पावसाची नेमकी उघडीप मिळावी लागते. एकदा का मुसळधार सुरू झाला की सखल कोपऱ्यात बी कुजतं. तेव्हा आम्ही वरचे कोपरे टोकतो, खालच्या मळ्यात जमेल तेवढी लावणी करतो आणि मधले काही पड राहतात. कागदावर हे अर्धवट दिसेल. माणसांच्या हिशेबात ते बरोबर बसतं.

थोरल्या जाऊबाई साठी ओलांडलेल्या आहेत आणि अजून शेतात उतरतात. गटातून पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, घ्यायचा विषय निघाला तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "मशीन आना, पन बटनावर चालू होनारी आना. ती दोरी वढायला आता आमचे खांदे राह्यले नाय." या वाक्यात यंत्रनिवडीचं सगळं शास्त्र आहे असं मला वाटतं. अनुदानासाठी यंत्राची अश्वशक्ती पाहिली जाते, कंपनी पाहिली जाते. चालवणारीचं वय आणि वजन कुणी पाहत नाही. ग्रासकटर खांद्यावर घेऊन उतारावर दोन तास उभं राहिलं तर हाताला मुंग्या येतात, त्याचा पट्टा पुरुषाच्या उंचीला बेतलेला असतो. गावात उरलेली माणसं म्हणजे वय झालेले पुरुष, सर्व वयांच्या बायका आणि काही थोडे तरुण. यंत्र त्यांच्या अंगाला बेतायला हवं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी नूतन झेला केला तो याच समजुतीतून. फळ देठासकट हलक्या हाताने निघतं, खाली आपटत नाही, आणि प्रत्येक फांदीवर चढायला जवान गडी लागत नाही. साधी वस्तू आहे. तशा आणखी हव्यात.

झाडांबद्दलही बोलायला हवं, कारण कोकणात माणसं कमी झाल्यावर निवडलेलं सर्वांत मोठं तंत्र यंत्र नव्हतंच. ते झाड होतं. 1990मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्या जमिनीवर पूर्वी नाचणी, वरी व्हायची. तिला बेणणी (तण काढणं) लागायची, राखण लागायची. काजूला पहिली काही वर्षं जपलं की पुढे तो बराचसा आपला आपण वाढतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा कलमी जाती दिल्या आणि मुंबईत नोकरी करणाऱ्यालाही गावात शेती ठेवणं शक्य झालं. शिमग्याला यायचं, बी गोळा करायची किंवा बाग कराराने द्यायची. मालक इथे नसतानाही चालेल असं पीक म्हणजे काजू. मला याचा राग नाही. त्या बागांनी पुष्कळ घरं तगवली. पण वरकसावरची नाचणी गेली ती आमच्या ताटातूनही गेली. आज वाडीतल्या पोरांना नाचणीची भाकरी मिळते ती दुकानातून आणलेल्या पिठाची.

आंब्याला मात्र माणूस लागतोच. फवारणी, राखण, तोडणी, पेट्या भरणं. तो माणूस आता नेपाळहून येतो. रत्नागिरी, देवगड, राजापूर, कुठल्याही मोठ्या बागेत जा, झोपडीबाहेर नेपाळी कुटुंब दिसेल. इथे सगळे त्यांना गुरखे म्हणतात. नेपाळच्या 2021च्या जनगणनेत तिथल्याही कितीतरी डोंगराळ जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली निघाली. त्यांच्या डोंगरउतारावरचे कोपरेही पड पडत चाललेत. म्हणजे आमची रिकामी जागा भरायला जो येतो तो स्वतःच्या गावात तसलीच जागा रिकामी करून येतो. त्याच्या पोरांची शाळा मध्येच सुटते, फवारणी करताना बहुतेकांच्या तोंडावर एका फडक्यापलीकडे काही नसतं. आपण यंत्र घेताना त्याची हमी आणि दुरुस्ती विचारतो. या माणसांच्या आजारपणाची जबाबदारी कुणाची, हे कराराच्या वेळी तितक्याच स्पष्टपणे ठरलं पाहिजे.

यंत्राने एका माणसाचं काम होतं. वाडीने मिळून करायच्या कामांना मात्र यंत्र अजून सापडलेलं नाही. पावसाआधी बांध घालणं, पाट काढणं, पेरा झाल्यावर गुरं बांधून ठेवणं, रात्रीची राखण. मळ्यातले दहापैकी सात कोपरे पड पडले की त्यांत झाडोरा माजतो, त्यात रानडुकरं राहतात आणि जे तीन कोपरे पिकलेत त्यांवर रोज रात्री उतरतात. दिवसा वानर. पूर्वी नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं, आता ते करणाऱ्याच्याच वाट्याला येतं. पुढच्या वर्षी त्यातला एक सोडून देतो. सौरकुंपण हा उपाय आहे, पण कुंपण अख्ख्या मळ्याला घातलं तरच परवडतं आणि तरच टिकतं. अख्ख्या मळ्याला घालायचं तर अख्ख्या मळ्याच्या मालकांची संमती हवी.

माणसं गावातून गेली, पण त्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत. आमच्या एका पाच गुंठ्यांच्या कोपऱ्याला इतके सहहिस्सेदार आहेत की त्यांतले काही एकमेकांना ओळखतही नसतील. अनुदान हवं तर संमतीपत्र, विहीर हवी तर संमतीपत्र. कसणारा एक आणि सह्या साऱ्यांच्या. युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन या अर्थशास्त्रज्ञांनी 1971मध्ये मांडलं की ज्या देशात जे दुर्मीळ, ते वाचवणारं तंत्र तिथली शेती निवडते. जपानने जमीन वाचवणारं निवडलं, अमेरिकेने मजूर वाचवणारं. कोकणाचं दुखणं या मांडणीत मावत नाही. इथे माणूस दुर्मीळ झाला, त्यामुळे जमीन मुबलक व्हायला हवी होती. ती डोळ्यांसमोर पडलेली आहे आणि कसणाऱ्याच्या हाती येत नाही. त्यामुळे मजूर वाचवणारी मोठी यंत्रं, जी सलग क्षेत्र मागतात, ती आम्हाला घेता येत नाहीत.

जमीन खंडाने का देत नाहीत, असं कुणी विचारेल. भीती कुळाची. 1948चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957चा कृषकदिन यांनी ज्यांना जमीन मिळाली त्यांचं भलंच झालं, आणि तो न्याय होता. पण एकदा दुसऱ्याला कसायला दिली की जाते, ही समजूत आजही इतकी पक्की आहे की नालासोपाऱ्याचा माणूस कोपरा पड ठेवेल, शेजाऱ्याला तोंडी देईल, लेखी देणार नाही. तोंडी घेतलेल्या जमिनीवर कोण गादीवाफे करील? सगुणा पद्धतीचा फायदा तर वर्षागणिक वाढत जाणारा. नीती आयोगाने 2016मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा पुढे ठेवला. मालकी सुरक्षित, कसणाऱ्यालाही ठरलेल्या मुदतीची खात्री. जपानमध्ये भातशेतीतली जवळपास सगळी कामं यंत्रावर गेली, तरी म्हातारे शेतकरी आणि पडीक शेतं हा प्रश्न राहिलाच. तेव्हा 2014पासून तिथे प्रत्येक प्रांतात एक मध्यस्थ संस्था उभी केली, जी न कसणाऱ्यांकडून जमीन भाड्याने घेऊन, तिचे तुकडे जोडून, कसणाऱ्यांना देते. आमच्या तालुक्याला अशी संस्था मिळाली तर मी कुठल्याही नव्या यंत्राच्या आधी ती मागेन.

तोवर आमच्याकडे आहे तो शिमगा. चाकरमानी मे महिन्यात येतात, गणपतीला येतात, पालखीला येतात. लावणीला येत नाहीत, रजा नसते. म्हणून शेतीचे निर्णय पालखीच्या दिवसांत होतात, सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, गर्दी असतानाच. गेल्या शिमग्यात आम्ही वरच्या मळ्याचा विषय काढला. पाच वर्षांचा लेखी करार, मालकी मालकाची, खंड म्हणून दर घराला वर्षाचं थोडं भात, आणि सगळ्या मळ्याला एक कुंपण. धाकट्या दिरांनी भाऊकीचा ग्रुप करून ज्यांना येता आलं नाही त्यांना फोन लावले. काहींनी तिथल्या तिथे होकार दिला. एका चुलत सासऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, माझं नाव कमी होणार नाही ना, आणि तांदूळ मला पाठवाल ना. दोन्हींचं उत्तर करारातच लिहून दिलं. काहींच्या सह्या अजून यायच्या आहेत. त्यात एक कोपरा नेमका मळ्याच्या मधोमध आहे, त्यामुळे कुंपणाची आखणी थांबली आहे.

वीडरचं मात्र ठरलं. कमी वजनाचा, बटणावर सुरू होणारा घ्यायचा आणि किल्ली थोरल्या जाऊबाईंकडे राहील. पाळी लावायची ती जुन्या सावडीच्या क्रमाने, खालच्या घरापासून वर.